कोरियन वाक्य बांधताना मराठी माणूस कुठे घसरतो: क्रियापदापासून प्रत्ययांपर्यंत, टप्प्याटप्प्याने

हांगुल लिपी येते, तीनेकशे शब्द पाठ आहेत, मालिका बघताना निम्मं कळतं. पण वही पुढे ओढून स्वतःचं एक वाक्य लिहायला सांगितलं की हात थांबतो, किंवा 'माझ्याकडे पैसे आहेत' ऐवजी 'मी पैशांना आहे' असं काहीतरी कागदावर उतरतं. रविवारच्या वर्गात मी वह्या तपासते, त्यात दर वर्षी त्याच आठ-दहा चुका सापडतात. बहुतेकांचं मूळ एकच. मुलं मराठीतून विचार करतात, मग इंग्रजी पुस्तकातला नियम आठवतात आणि त्यातून कोरियनकडे जातात. वाटेत दोनदा रस्ता चुकतो. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाला मागून चिकटतात. हे आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही. शिकायचं ते एवढंच, की मराठीचा कुठला प्रत्यय तिथे दोन तुकड्यांत फुटतो आणि कुठला मागेच ठेवून जायचा असतो.

टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या भागात ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० प्रश्न असतात, लेखन नसतं. २०० पैकी ८० गुणांना पहिली पातळी मिळते, १४० ला दुसरी. त्यामुळे एकही वाक्य स्वतः न लिहिता दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र घेतलेले लोक मला भेटतात. रांजणगाव-तळेगावकडच्या कोरियन कंपनीत मुलाखतीला बसले की मग घाम फुटतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरू करण्याआधी

हांगुल पक्की हवी. मूळ १४ व्यंजनं, १० स्वर, त्यांत जोडव्यंजनं आणि जोडस्वर धरून एकूण ४० अक्षरं. आठवड्याचं काम आहे. या लेखात कोरियन शब्द देवनागरीत दिलेत ते फक्त रचना डोळ्यांना दिसावी म्हणून. तुमच्या वहीत ते हांगुलमध्येच उतरवा. देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांचा उच्चार सहा महिन्यांनी दुरुस्त करणं फार अवघड जातं.

वाचताना चार गोष्टी लक्षात ठेवा:

- 'ऑ' म्हणजे ऑफिसमधला ऑ, ओठ मात्र जरा सैल. 'ओ' वेगळा. 'ॅ' हा बॅटमधला.
- दीर्घ ऊ ओठ गोल करून म्हणायचा. ऱ्हस्व उ म्हणताना ओठ आडवे ताणायचे, दात जवळजवळ. कोरियनमध्ये हे दोन वेगळे स्वर आहेत, त्यांच्यासाठी मी ही खूण ठरवली आहे.
- ज आणि छ नेहमी तालव्य. जीवनातला ज, जाळ्यातला नव्हे. फ म्हणजे फळातला, दोन्ही ओठ मिटून.
- नाम आणि प्रत्यय यांच्यामध्ये मी जोडरेघ टाकली आहे. कोरियनमध्ये ती नसते आणि जागाही सोडायची नसते. 'घरात' आपण जोडून लिहितो तसंच. दोन शब्दांमध्ये मात्र जागा हवी.

एक दोनशेपानी वही घ्या. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे कोरियन. मध्ये इंग्रजी कुठेही नको. फोनवर कोरियन कळफलक आजच चालू करा.

टप्पा १: आधी क्रियापद

बहुतेक पुस्तकं 'मी विद्यार्थी आहे'पासून सुरू होतात आणि लगेच प्रत्ययांकडे वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कोरियन वाक्यात एकच गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे शेवटचं क्रियापद. कर्ता गाळता येतो, कर्म गाळता येतं, बोलताना प्रत्ययसुद्धा गळतात. नुसतं 'मॉगॉयो' हे पूर्ण वाक्य आहे: खातो, खाते, खातात, खाताय.

शब्दकोशात क्रियापद 'दा'ने संपतं. तो 'दा' काढा. उरलेल्या धातूचा शेवटचा स्वर बघा:

1. तो आ किंवा ओ असेल तर 'आयो' लावा. गादा (जाणे) → गायो. ओदा (येणे) → वायो. बोदा (बघणे) → ब्वायो. साल्दा (राहणे) → सारायो.
2. दुसरा कुठलाही स्वर असेल तर 'ऑयो'. मॉक्-दा (खाणे) → मॉगॉयो. माशिदा (पिणे) → माशॉयो. बॅऊदा (शिकणे) → बॅवॉयो.
3. हादा (करणे) नेहमी हॅयो. गोङबूहादा (अभ्यास करणे) → गोङबूहॅयो.

काही धातू वाकडे चालतात. छूप्ता (थंडी असणे) याचं छूवॉयो होतं, दुत्ता (ऐकणे) याचं दुरॉयो, बाप्पुदा (कामात असणे) याचं बाप्पायो. यांचा वेगळा तक्ता करायची गरज नाही. समोर येतील तसे एकेक वाक्य करून लिहा.

भूतकाळासाठी 'आस्सॉयो' किंवा 'ऑस्सॉयो', नियम तोच. मॉगॉस्सॉयो म्हणजे खाल्लं.

लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. 'गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली' या सगळ्यांना एकच 'गास्सॉयो' पुरतो. ही सुटका वाटते खरी, पण मराठीत क्रियापदावरूनच कळतं की कोण गेलं. कोरियनमध्ये ते आधीच्या बोलण्यावरून ओळखावं लागतं. म्हणून परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात तरी कर्ता ठेवा.

तपासा: दहा धातू घ्या, वर्तमान आणि भूत अशी दोन्ही रूपं न बघता लिहा. दोनपेक्षा जास्त चुकली तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: आपल्या 'आहे'चे दोन तुकडे

'ती डॉक्टर आहे.' 'ती घरी आहे.' मराठीत आहे तो आहेच. कोरियनमध्ये ही दोन वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी कधीच चालत नाहीत.

कोण आहे, काय आहे हे सांगताना 'इएयो' किंवा 'येयो' नामालाच चिकटतं. नाम व्यंजनाने संपलं तर इएयो: हाक्सॅङ-इएयो (विद्यार्थी आहे). स्वराने संपलं तर येयो: उइसा-येयो (डॉक्टर आहे).

कुठे आहे, जवळ आहे, अस्तित्वात आहे हे सांगताना इस्सॉयो. जिब-ए इस्सॉयो (घरी आहे).

नकारातही दोन वाटा. 'डॉक्टर नाही' म्हणजे उइसा-गा आनिएयो. 'घरी नाही' म्हणजे जिब-ए ऑप्सॉयो.

माझी स्वतःची पहिल्या महिन्यातली चूक सांगते. ओळख करून देताना मी ठणकावून 'हाक्सॅङ-इ इस्सॉयो' म्हटलं होतं. म्हणायचं होतं 'मी विद्यार्थिनी आहे', झालं 'माझ्याकडे एक विद्यार्थी आहे'. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'कुठे आहे?'

थांबा: 'माझ्याकडे पैसे आहेत', 'मला धाकटी बहीण आहे' या वाक्यांत इस्सॉयो येतं आणि जी गोष्ट आहे तिला कर्त्याचा इ/गा लागतो, कर्माचा उल/रुल कधीच नाही. जॉ-नुन दोन-इ इस्सॉयो. (हो, पैशाला 'दोन' म्हणतात. पाण्याला 'मूल' आणि भाताला 'बाप'. पहिल्या आठवड्यात वर्गात हसून घ्यायचं आणि पुढे जायचं.)

टप्पा ३: प्रत्यय लावण्याआधी नामाचा शेवट बघा

मराठीत प्रत्यय लागताना नाम बदलतं: घोडा, घोड्याला, पाणी, पाण्यात. कोरियनमध्ये नाम जसंच्या तसं राहतं, बदलतो तो प्रत्यय. नाम व्यंजनाने संपतं की स्वराने, एवढंच बघायचं. अक्षराच्या तळाशी बसणाऱ्या त्या व्यंजनाला बाछिम म्हणतात.

- बाछिम असेल तर: उन (विषय), इ (कर्ता), उल (कर्म), ग्वा (आणि), उरो (ने).
- नसेल तर, त्याच क्रमाने: नुन, गा, रुल, वा, रो.

ए, एसॉ (दोन्ही ठिकाणासाठी), दो (ही, सुद्धा), मान (फक्त), हागो (बरोबर, आणि), बूथॉ (पासून), क्काजी (पर्यंत) यांना बाछिमचा काही फरक पडत नाही. 'आणि' साठी वा की ग्वा यात अडकत असाल तर सरळ हागो वापरा, बोलण्यात तोच जास्त चालतो.

दोन खाचखळगे इथेच आहेत. एक, 'ने' या अर्थाचा रो/उरो: बाछिम ल असेल तर उरो नाही, रो लागतो. जिहाछॉल (मेट्रो) ला 'उरो' लावणारे दर तुकडीत भेटतात. दोन, नाम बदलत नाही या नियमाला तीन रोजचे अपवाद आहेत: जॉ + गा = जे-गा (मी, नम्र), ना + गा = नॅ-गा (मी, जवळच्यांशी), नूगू + गा = नू-गा (कोण).

बाछिमपुढे स्वर आला की उच्चार पुढे सरकतो. भात एकटा असताना बाप, उल लागला की बाब-उल, आणि ऐकायला येतं 'बाबुल'. घर एकटं जिप, पण घरी म्हणजे जिबे. लिहिताना मात्र नामाचं अक्षर मोडायचं नाही. ऐकलं तसं लिहिणाऱ्यांच्या वहीत सर्वाधिक लाल शाई इथेच पडते.

टप्पा ४: 'ला' आणि 'ने' फोडून घ्या

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

आपला 'ला' फार कष्टाळू आहे. मित्राला भेटतो, मित्राला देतो, पुण्याला जातो, मला भूक लागली, मला बहीण आहे, मला कॉफी आवडते. सहा वाक्यं, एकच प्रत्यय. कोरियनमध्ये हीच सहा वाक्यं चार वेगळ्या दारांनी आत जातात.

1. ज्याच्यावर क्रिया होते तो 'ला': उल/रुल. मित्राला भेटतो: छिन्गू-रुल मान्नायो.
2. ज्याला काही देतो, सांगतो, विचारतो, पाठवतो तो 'ला': हान्थे. लेखनात एगे. वडीलधाऱ्यांसाठी क्के. मित्राला देतो: छिन्गू-हान्थे जूऑयो, बोलताना त्याचंच ज्वॉयो होतं.
3. जिथे जायचं ते ठिकाण: ए. पुण्याला जातो: फूने-ए गायो.
4. जो अनुभवतो तो 'मला': इथे 'ला'साठी काहीही लावायचं नाही. जॉ-नुन येतं, किंवा कर्ता गाळूनच टाकतात. मला भूक लागली: बॅ-गा गोफायो, शब्दशः 'पोट उपाशी आहे'. माझं डोकं दुखतंय: मॉरी-गा आफायो.

'मला कॉफी आवडते' या वाक्यात गंमत आहे. जोआयो वापरलं तर कॉफीला गा लागतो: जॉ-नुन खॉफी-गा जोआयो. मराठीतही कॉफी हाच कर्ता आहे, 'आवडते' तिच्याप्रमाणे चालतं, म्हणून हे आपल्याला पटकन पटतं. पण जोआहॅयो वापरलं तर कॉफी कर्म होते: खॉफी-रुल जोआहॅयो. दोन्ही बरोबर. रुल घेऊन जोआयो लिहिलं की चूक.

उलटी चूकही तितकीच होते. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्ययच नसतो: भात खातो, पुस्तक वाचतो, भाजी घेतो. त्यामुळे आपण कोरियनमध्येही ते उघडं सोडतो. बोलताना चालून जातं. लिहिताना लावायची सवय ठेवा: बाब-उल मॉगॉयो, छॅग-उल इल्गॉयो. 'बसमध्ये बसतो'सुद्धा तिथे कर्म घेतं: बॉसु-रुल थायो.

आता 'ने'. भूतकाळात आपलं वाक्य पालथं होतं: 'मीना भात खाते', पण 'मीनाने भात खाल्ला'. कोरियन वाक्याला याचा पत्ताच नाही.

मीना-गा बाब-उल मॉगॉयो.
मीना-गा बाब-उल मॉगॉस्सॉयो.

प्रत्यय तेच, फक्त क्रियापद बदललं. भूतकाळ लिहिताना 'ने'साठी काहीतरी शोधायचा मोह झाला की पेन खाली ठेवा. साधनाचा 'ने' मात्र खरा आहे, तिथे रो/उरो: बसने जातो, बॉसु-रो गायो. भाषेसाठीही हाच: 'कोरियनमध्ये बोला' यातल्या 'मध्ये'ला ए नाही, रो लागतो.

तपासा: दिवसभरात तुम्ही बोललेली 'ला' असलेली दहा मराठी वाक्यं लिहा. भाषांतर करू नका. प्रत्येक 'ला'वर फक्त १, २, ३ किंवा ४ आकडा टाका. हे दहाच्या दहा जमल्याशिवाय कोरियन लिहून उपयोग नाही.

टप्पा ५: ए की एसॉ

'बागेत आहे' आणि 'बागेत खेळतो', दोन्हीकडे आपला 'त'. कोरियन विचारते: तिथे नुसतं असणं आहे, की काही करणं आहे?

असणं, पोहोचणं: ए. हाक्क्यो-ए इस्सॉयो (शाळेत आहे), हाक्क्यो-ए गायो (शाळेत जातो).
करणं: एसॉ. हाक्क्यो-एसॉ गोङबूहॅयो (शाळेत अभ्यास करतो). झोपणंसुद्धा 'करणं'च आहे, जिब-एसॉ जायो. आळशी माणसांना हे पटत नाही, पण नियम नियम आहे.

'हून'ही एसॉच: फूने-एसॉ वास्सॉयो, पुण्याहून आलो. 'राहणे' या क्रियापदाला मात्र दोन्ही चालतात, फूने-ए सारायो आणि फूने-एसॉ सारायो. त्यावर वर्गात वाद घालत बसू नका.

वेळेलाही ए लागतो: सोमवारी, सकाळी, तीन वाजता. आज, उद्या, काल, आत्ता यांना काही लागत नाही. मराठीतही लागत नाही, म्हणून इथे कान सांगेल तसं करा.

टप्पा ६: नुन आणि गा

इंग्रजी पुस्तकं यावर दहा पानं खर्च करतात आणि विद्यार्थी आणखी गोंधळतो. आपल्याकडे दोन हत्यारं तयार आहेत.

पहिलं 'तर/मात्र'. वाक्यात शब्दामागे 'तर' किंवा 'मात्र' ठेवून बघा. बसलं तर नुन/उन. 'कॉफी पितो, चहा मात्र पीत नाही': खॉफी-नुन माशॉयो. छा-नुन आन माशॉयो. स्वतःची ओळख करून देतानाही, 'माझं म्हणाल तर...', जॉ-नुन.

दुसरं 'कोण?/काय?'. वाक्य या प्रश्नाचं उत्तर असेल, किंवा मराठीत 'च' लावावासा वाटत असेल, तर इ/गा. 'कोणी केलं?' 'मीच केलं': जे-गा हॅस्सॉयो. इथे जॉ-नुन म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही दुसऱ्या कुणाशी तुलना करताय. प्रश्नातला कर्ता 'कोण' किंवा 'काय' असेल तर त्याला नुन कधीच लागत नाही.

नवी गोष्ट पहिल्यांदा समोर आली की गा. डोळ्यांसमोर काही घडतंय ते सांगतानाही गा. बी-गा वायो, पाऊस येतोय. आपल्यासारखाच तिथेही पाऊस 'येतो'. तीच गोष्ट पुढच्या वाक्यात पुन्हा आली की नुन.

थांबा: हत्याराची धार एका बाजूने बोथट आहे. आपण 'तर' जितक्यांदा म्हणतो त्याच्या कितीतरी पट कोरियन माणूस नुन वापरतो. मराठीत विषय बहुतेक वेळा बिनप्रत्ययाचाच असतो. म्हणून 'तर' बसलं तर नुन नक्की, पण बसलं नाही म्हणून नुन नाही असं धरू नका.

जोडण्याचा नियम छोटा आहे. नुन आणि दो आले की गा आणि रुल हटतात: जॉ-दो (मीही), 'जॉ-नुन-दो' नव्हे. पण ए, एसॉ जागच्या जागी राहतात आणि नुन किंवा दो त्यांच्यामागे बसतो: हाक्क्यो-ए-दो. आपलं 'शाळेतही' असंच बनतं.

टप्पा ७: नकार पुढे

आपलं 'नाही' शेवटी येतं, कोरियनचं 'आन' क्रियापदाच्या आधी. गायो, आन गायो. 'करणे'वाल्या जोडक्रियापदांत ते मधोमध घुसतं: गोङबू आन हॅयो. जोआहॅयो मात्र फोडता येत नाही: आन जोआहॅयो.

'मोत' म्हणजे जमत नाही, शक्य नाही. निमंत्रणाला नकार देताना 'आन गायो' म्हटलं तर 'मी येत नाही जा' असा सूर लागतो. तिथे मोत बरा.

इस्सॉयोचा नकार ऑप्सॉयो आणि आरायो (माहीत आहे) याचा मोल्लायो, हे दोन आधीच पाठ करून टाका.

टप्पा ८: मान ठेवणं

सुरुवातीला सगळीकडे 'यो'ची भाषा वापरा. मालिकांमधली बिन-'यो'ची बोली म्हणजे आपलं अरे-तुरे. ती पडद्यावर ऐकायला गोड वाटते, मुलाखतीत नाही.

'तुम्ही' या शब्दाला कोरियनमध्ये सोयीचा पर्याय नाही. शब्दकोशात 'दाङशिन' सापडतं आणि आपण फसतो. एका कंपनीत दुभाष्याच्या हाताखाली शिकत असताना मी वयाने मोठ्या साहेबांना आदराने दाङशिन म्हटलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. नवरा-बायकोत किंवा भांडणात शोभणारा शब्द तो. पदाने हाक मारा, नावापुढे 'श्शी' लावा, नाहीतर सर्वनाम गाळा.

ज्याच्याबद्दल बोलतो तो आदरणीय असेल तर क्रियापदात 'शि' येतो: गायो → गासेयो. 'बाबा आले' मधलं आदरार्थी अनेकवचन आठवा. फरक असा की आईला आपण अगं म्हणतो आणि तिच्याबद्दल 'आई आली' असंच बोलतो. कोरियनमध्ये परक्यांशी आईबद्दल बोलतानाही 'शि' लावणं बरं. स्वतःला मात्र तो कधीही लावू नका.

दादा आणि ताई आपण सगळेच म्हणतो. तिथे बोलणारा पुरुष की बाई यावर शब्द ठरतो. बाईचा मोठा भाऊ ओप्पा, पुरुषाचा ह्यॉङ. बाईची मोठी बहीण ऑन्नी, पुरुषाची नूना. मुलग्यांनो, मित्राला ओप्पा म्हणू नका.

टप्पा ९: वाक्यं जोडणं

इथे आपण फुकटात जिंकतो, म्हणून शेवटी ठेवलं. आपलं 'ऊन' कोरियनमध्ये जवळजवळ जसंच्या तसं आहे.

- जाऊन घेतो: गासॉ सायो. 'जाऊन'ला जसा काळ नाही, तसा गासॉलाही नाही. तिथे भूतकाळाचं रूप घालू नका.
- खाऊन बघा: मॉगॉ ब्वायो. हो, 'बघणे' हेच क्रियापद.
- लिहून द्या: स्सॉ जूसेयो. 'देणे' हेच.
- खाऊन टाकलं: मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो. इथलं 'बॉरिदा' म्हणजे टाकून देणे.

'मी काल घेतलेलं पुस्तक' हे जे-गा ऑजे सान छॅक. 'घेतलेलं' पुस्तकाच्या आधी, जसं आपण म्हणतो तसं. एवढीच काळजी घ्या की अशा आतल्या वाक्यातला कर्ता साधारणपणे गा घेतो, नुन नाही.

एक वाक्य, सगळे टप्पे

'काल मी मैत्रिणीबरोबर मंडईत जाऊन भाजी घेतली.'

1. शेवटचं क्रियापद 'घेतली': सादा → सास्सॉयो. भाजीचं स्त्रीलिंग विसरा.
2. 'भाजी': मराठीत उघडी, इथे कर्म. छॅसो स्वराने संपतो, म्हणून छॅसो-रुल.
3. 'मंडईत': 'त' दिसतो म्हणून एसॉकडे हात जाईल. पण याचं क्रियापद 'जाऊन' आहे, 'घेतली' नाही. शिजाङ-ए गासॉ.
4. 'मैत्रिणीबरोबर': छिन्गू-हागो. मित्र-मैत्रीण असा भेद करायची गरज नाही.
5. 'काल': ऑजे, प्रत्यय नाही.
6. 'मी': गाळा. कोणाबद्दल चाललंय ते ऐकणाऱ्याला माहीत आहे.

ऑजे छिन्गू-हागो शिजाङ-ए गासॉ छॅसो-रुल सास्सॉयो.

आता 'जाऊन' काढून टाका: 'काल मी मंडईत भाजी घेतली.' मंडईला कुठला प्रत्यय लागेल ते हांगुलमध्ये लिहा, आणि मग टप्पा ५ उघडून ताडून बघा.